जुनं बसून चालवायचं लॉन मॉवर: सेल्फ अर्धा फिरून अडतो, ऑइलला पेट्रोलचा वास, डेक थरथरतो

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार मंडळी. मंगल कार्यालयामागे साधारण पाऊण एकर हराळीचं लॉन आहे आणि त्यासाठी बसून चालवायचं जुनं मॉवर. इंजिन ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं इंटेक, एक सिलिंडर, उभ्या शाफ्टचं, साडेसतरा हॉर्सपॉवर. डेक (पात्यांवरचा पत्र्याचा डबा) ४२ इंची, दोन पाती, गिअर हाताचे. इंजिनच्या पत्र्यावर मॉडेल नंबर ३१ ने सुरू होतो, कोड ०५०४१२ आहे.

आखाजीनंतर मशीन शेडमध्येच उभं होतं. पावसाळ्यात काळ्या मातीत चाकं रुततात, म्हणून गवत ब्रशकटरने काढलं. टाकीतलं पेट्रोल तसंच राहिलं. आता तीन अडचणी आहेत.

सेल्फ मारला की इंजिन अर्धा फेरा फिरतं आणि ठप्प होतं. पुन्हा मारला तर कधी एखादा फेरा पुरा होतो, नाहीतर तेच. बॅटरी नवी आहे, मीटरवर १२.७ व्होल्ट दाखवते.

डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही दीड बोट वर आहे, पातळ झालंय आणि पेट्रोलचा वास येतो. ऑइल कोणी वाढवलेलं नाही.

डेकचं दुखणं उन्हाळ्यापासूनचं आहे. पाती चालू केली की सीटपर्यंत थरथर येते, डाव्या बाजूला गवताची पट्टी उंच राहते आणि पट्टा जळाल्यासारखा वास येतो.

इथे या मशीनचा माहीतगार मिस्तरी नाही. मोटारसायकलवाल्याने आणि पाण्याच्या इंजिनवाल्याने, दोघांनीही सेल्फ मोटर बदला असंच सांगितलं. तुळशीच्या लग्नाआधी लॉन नीट व्हायला हवं. सेल्फ बदलू का? सुरुवात कुठून करू?

लोखंडी_पाना (भुसावळ)

भाऊ, सेल्फ बदलू नका. आणि त्याआधी एक गोष्ट: आता चावी अजिबात फिरवू नका, मशीन हलवायलाही नाही.

तुमच्या पहिल्या दोन तक्रारींचा संबंध असू शकतो. टाकी कार्बोरेटरपेक्षा उंच असली आणि फ्लोटची निडल (वाटी भरली की पेट्रोल बंद करणारी सुई) नीट बसत नसली, की उभ्या मशीनमध्ये पेट्रोल आपोआप उतरत राहतं. कार्बोरेटर भरून वाहतो, उघड्या इनटेक व्हॉल्व्हमधून पेट्रोल सिलिंडरमध्ये जातं, तिथून रिंगांच्या फटीतून ऑइलच्या खोक्यात. म्हणून पातळी वाढली. पिस्टनच्या वर पेट्रोल साचलं असेल तर सेल्फ अर्ध्यात अडणारच, कारण पेट्रोल दबत नाही. जोर लावून फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग या इंजिनावर खर्च करण्यात अर्थ उरत नाही.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मग प्लग काढा. काम शेडबाहेर करा, जवळ चूल, गॅस, बिडी काही नको. प्लगच्या भोकाला फडकं लावा आणि वरच्या जाळीने फ्लायव्हील (इंजिनच्या वरचं जड चाक) हाताने फिरवा. वरून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने. पेट्रोल बाहेर आलं तर एक कारण सापडलं. कोरडं निघालं तर ते खाली उतरून गेलंय आणि सेल्फ अडण्याचं कारण वेगळं आहे.

दोन्ही बाबतींत ऑइल पूर्ण काढून टाका, फिल्टरही बदला. या इंजिनात फिल्टर धरून साधारण १.४ लिटर लागतं. एकदम ओतू नका. १.२ लिटर टाका, दोन मिनिटं थांबा, डिपस्टिक पूर्ण फिरवून बसवा, मग काढून वाचा, आणि बाकीचं थोडंथोडं घाला. पहिलं ऑइल इंजिन धुऊन काढायलाच घातलंय असं धरा. तास-दोन तास चालवून ते पुन्हा बदला, कारण आत राहिलेलं पेट्रोल त्यालाही पातळ करतं.

आता सेल्फकडे. सिलिंडर कोरडा निघाला तर माझा संशय टॅपेटवर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि रॉकरमधल्या फटीवर आहे. एका सिलिंडरची जागा ३१ घनइंच, म्हणजे जवळपास ५०० सीसी (मॉडेलमधले ३१ तेच सांगतात). एवढा पिस्टन पूर्ण दाबाविरुद्ध फिरवायची ताकद त्या छोट्या सेल्फमध्ये नाही. म्हणून कॅमशाफ्टवर एक सोय असते: सेल्फच्या हळू वेगात, दाबाच्या वेळी एक व्हॉल्व्ह अगदी किंचित उचलला जातो आणि थोडा दाब निघून जातो. हे उचलणं इतकं कमी असतं, की टॅपेटची फट वाढली की ते त्या फटीतच गडप होतं. व्हॉल्व्ह उघडतच नाही, पूर्ण दाब राहतो, सेल्फ अडतो. बॅटरी नवी, सेल्फ नवा, तरी अडतोच.

सेटिंग असं. थंड इंजिन, प्लग काढलेला. व्हॉल्व्ह कव्हरचे चार बोल्ट काढा. प्लगच्या भोकात प्लास्टिकची नळी घाला, स्क्रू ड्रायव्हर नको, आत तिरका होऊन अडकतो. फ्लायव्हील हाताने फिरवत पिस्टन वर आणा. दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) सैल असतील तर तो दाबाचा फेरा. एक रॉकर हलत असेल तर आणखी एक फेरा फिरवा. पिस्टन पूर्ण वर आल्यावर तिथे थांबू नका, पुढे फिरवून तो ६ मिमी खाली जाऊ द्या. बरोबर वरच्या टोकावर सेट केलं तर कॅमची तीच उचल व्हॉल्व्हला टेकलेली असते आणि माप चुकीचं येतं. इथेच बहुतेकांचं काम फसतं.

फिलर पट्टीने मापा. इनटेक ०.०८ ते ०.१३ मिमी, एक्झॉस्ट ०.१३ ते ०.१८ मिमी. कार्बोरेटरकडचा इनटेक, सायलेन्सरकडचा एक्झॉस्ट. रॉकरच्या मध्ये आधी लॉक स्क्रू किंवा लॉक नट सैल करा, मग फट जुळवा, आणि लॉक घट्ट केल्यावर पुन्हा मापा, कारण घट्ट करताना फट सरकते. पट्टी ओढताना थोडी ओढ लागली पाहिजे, अडकायला नको. पुशरॉड बाहेर काढलेत तर एकाचा दुसऱ्या जागी घालू नका.

सेटिंगनंतर प्लग बाहेर ठेवूनच दाबाच्या फेऱ्यात फ्लायव्हील अगदी हळू फिरवा आणि रॉकरकडे पाहत राहा. पिस्टन वर येण्याच्या सुमारास एक रॉकर जरासा दबून सुटताना दिसला पाहिजे. दिसला तर कॅम शाबूत. दिसलाच नाही तर कॅमवरची यंत्रणा तुटली आहे आणि इंजिन खोलावं लागेल.

कोड वाचायचा तर ०५ म्हणजे २००५, ०४ एप्रिल, १२ तारीख. सुटे भाग मागवताना मॉडेल, टाइप आणि कोड तिन्ही द्या, नुसतं साडेसतरा हॉर्सपॉवर सांगून चुकीचं हेड पॅकिंग येतं.

सातपुडा_पायथा (यावल)

वरच्या उत्तरात भर. हे अमेरिकन मशीन आहे, बोल्ट इंचाचे. व्हॉल्व्ह कव्हरला १० ची गोटी (सॉकेट) लावाल तर ती सैल बसते, बोल्ट ३/८ इंचाचा म्हणजे ९.५ मिमीचा असतो, आणि गंजलेला असेल तर डोकं गोल होतं. १३ ची गोटी १/२ इंचाला चालून जाते, १६ ची ५/८ इंचाला छान बसते. ११ ची मात्र ७/१६ इंचावर फार घट्ट जाते, कधी चढत नाही. ३/८, ७/१६, १/२, ९/१६, ५/८ एवढ्या पाच गोट्या घेऊन ठेवा, जुन्या ट्रॅक्टरची हत्यारं विकणाऱ्याकडे मिळतात.

टॅपेट लावूनही सेल्फ मंद वाटला तर वायरी बघा. १२.७ व्होल्ट हे उभ्या बॅटरीचं माप. सेल्फ मारत असताना बॅटरीच्या खुंट्यांवर साडेनऊच्या खाली जायला नको. तिथे ठीक आणि सेल्फच्या बोल्टवर कमी, तर मधली वायर, सोलेनॉइड किंवा अर्थ खराब. इंजिन ते चासी अर्थ वायरचा बोल्ट काढून खालचा रंग आणि गंज कानसीने घासा.

या मशीनची मूळ बॅटरी आपल्याकडे सहसा मिळत नाही. छोट्या कारची ३८बी२० लांबी-रुंदीला त्याच खोक्यात बसते, १९७ गुणिले १२९ मिमी, पण उंचीला जास्त आहे. सीट खाली केल्यावर तिची लोखंडी पट्टी किंवा स्प्रिंग खुंट्यांना टेकत नाही ना, हे माणूस बसवून तपासा. टेकलं तर सरळ शॉर्ट. दोन्ही खुंट्यांवर जाड रबर बांधा.

ऑइलचं बोलायचं तर आपल्या उन्हाळ्यात साध्या २०डब्ल्यू-४० ने काही बिघडत नाही, मोटारसायकलचं टाका.

लोखंडी_पाना

ऑइलबद्दल थोडा वेगळा विचार करा दादा. कंपनी गरम हवेला एसएई ३० सांगते, १०डब्ल्यू-३० गरमीत जास्त जळतं हेही तीच सांगते. आपल्याकडे पंपाच्या इंजिनाचं एसएई ३० मिळतं, पण ते निव्वळ डिझेलसाठीचं असू शकतं. डब्यावर एपीआय पुढे एस ने सुरू होणारा दर्जा, म्हणजे एसजी, एसजे, एसएल, असं काही लिहिलंय का ते पाहा. ते नाही मिळालं तर डिझेल आणि पेट्रोल दोन्ही दर्जे लिहिलेलं १५डब्ल्यू-४० घ्या. मोटारसायकलचं ऑइल ओल्या क्लचसाठी बनवलेलं असतं, इथे तो क्लच नाही. चालेल, पण त्याचे जास्तीचे पैसे कशाला? आणि कोणी पेट्रोलमध्ये टूटी (टू स्ट्रोकचं) ऑइल घालायला सांगितलं तर ऐकू नका, हे फोर स्ट्रोक आहे.

धुळीत ५० तासांचा नियम धरू नका, २५ तासांना ऑइल बदला. एअर क्लीनरचा कागद हलक्या हाताने आपटून झटका, कॉम्प्रेसरची हवा मारली की कागदाला बारीक छिद्रं पडतात आणि धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते. वरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून बसवा.

आणि वरचा पत्रा एकदा काढाच. त्याखाली सिलिंडरच्या पाकळ्यांमध्ये हराळीचा चुरा आणि माती मिळून घट्ट थर बसतो, कधी उंदराचं घरटं निघतं. बाहेर ४५ डिग्री असताना त्या पाकळ्यांतून हवा गेली नाही तर इंजिन तापून हेड पॅकिंग उडतं. या इंजिनात ते पुशरॉडच्या बाजूला फुटतं. दाब ऑइलच्या खोक्यात जातो, एअर क्लीनर ऑइलने भिजतो, पांढरा-निळा धूर येतो. लोक रिंगा गेल्या समजून इंजिन भंगारात घालतात.

तापीथडी (शिरपूर)

मी डेकचं लिहितो.

प्लगची टोपी काढून लांब बांधा, मगच पात्यांखाली हात. पट्टा इंजिनच्या पुलीवरून उतरवा, दोन्ही बाजूंच्या काट्या-पिना काढा आणि डेक बाजूने सरकवून बाहेर घ्या. मशीन तिरकं करून खाली झोपण्यापेक्षा हे सोपं आणि सुरक्षित आहे. उचलावंच लागलं तर जॅकवर ठेवून काम करू नका, सागाचे ठोकळे लावा, आणि कार्बोरेटरची बाजू वर राहील असं बघा.

खरवडणं पहिलं. डेकच्या आत वाळलेल्या गवताचा आणि मातीचा थर असतो, तो पत्र्याच्या खुरप्याने काढा. पाण्याचा जोरदार पाइप स्पिंडलवर (पातं ज्यावर फिरतं त्या शाफ्ट-बेअरिंगवर) मारू नका, बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत जातं आणि महिन्याभरात ते कुरकुरायला लागतं.

आता दोन्ही स्पिंडल हाताने फिरवा. चांगलं बेअरिंग गुपचूप फिरतं आणि हळूहळू थांबतं. खरखर जाणवली, किंवा पात्याचं टोक धरून वर-खाली केल्यावर ढिलाई लागली, तर ते गेलं. मग पातं बघा. पात्याच्या टोकापासून फरशीपर्यंत माप घ्या, पातं अर्धा फेरा फिरवून त्याच जागी दुसऱ्या टोकाचं माप घ्या. ३ मिमीपेक्षा फरक असेल तर पातं किंवा शाफ्ट वाकलाय. दुसरं सरळ पातं लावूनही फरक तसाच राहिला तर शाफ्ट. वाकलेलं पातं हातोड्याने सरळ करू नका, वेल्डिंग तर मुळीच नको. ते कडक केलेलं पोलाद असतं, चालताना तुकडा निघाला तर माणसाचा पाय जातो.

बेअरिंग बहुतेक ६२०३, दोन्ही बाजूंना रबर सील. १७ मिमी भोक, ४० बाहेरचा व्यास, १२ जाडी. जळगाव, धुळे कुठेही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. पण नुसता नंबर वाचून घेऊ नका, व्हर्नियर लावा. काही मशीनमध्ये बाहेरून ६२०३ आणि भोक मात्र ५/८ इंच, म्हणजे १५.८७ मिमी असतं. १७ चं त्या शाफ्टवर डुगडुगतं आणि नवीन असूनही थरथर राहते. स्पिंडलच्या घरात (हाउसिंगमध्ये) बसवताना बाहेरच्या रिंगवर दाब द्या, शाफ्टवर बसवताना आतल्या रिंगवर. गोळ्यांमधून दाब गेला की बेअरिंग पहिल्याच दिवशी खराब.

वरच्या आणि खालच्या बेअरिंगमध्ये एक नळी असते, स्पेसर. ती विसरली तर नट आवळताना दोन्ही बेअरिंगच्या आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात, गोळ्या आडव्या दाबाखाली तापतात आणि मग पट्टा जळाल्यासारखा वास येतो. तुमच्या डाव्या बाजूला ती आहे का, हे नक्की बघा.

स्पिंडलच्या घरावर ग्रीसचं निपल असलं आणि तुम्ही दोन्हीकडून सीलबंद बेअरिंग घातलं तर ते ग्रीस आत पोचतच नाही. आतल्या बाजूचं सील टोकदार हत्याराने काढून बसवा, बाहेरचं राहू द्या.

पात्याला धार लावताना मूळ कोन, साधारण ३० अंश, तोच ठेवा. वस्तऱ्यासारखी धार नको, लगेच मुडपते. टोकाशी अर्ध्या मिमीहून कमी सपाटी सोडा. ग्राइंडरवर निळं पडलं की पोलादाचा कडकपणा गेला, म्हणून घासत-घासत पाण्यात बुडवा. नंतर भिंतीत आडवा खिळा ठोकून मधलं भोक त्यावर अडकवा. जी बाजू खाली जाते ती जड. तिथलं धातू मागच्या टोकाकडून काढा, धारेकडून नाही. पातं बसवताना वळवलेले पंख डेककडे, म्हणजे वर. नट मॉडेलप्रमाणे ६० ते १२० न्यूटनमीटरपर्यंत लागतो, टॉर्क पाना आणा, अंदाजाने नको.

पट्ट्याला चरे पडलेत किंवा कडा चकचकीत झाल्यात तर बदला, पण आधी दोन्ही आयडलर पुल्या (पट्टा ताणून धरणाऱ्या) फिरवून पाहा. अडकलेली आयडलर नवा पट्टाही जाळते. नंबर पुसला असेल तर पट्टा कापून बाहेरच्या बाजूने लांबी घ्या. अर्धा इंच रुंद असेल तर तो ए सेक्शनचा, आणि दुकानातला ए नंबर आतल्या लांबीचा असतो. बाहेरून ९७ इंच आला तर ए ९५ मागा. ५/८ इंच रुंद म्हणजे बी सेक्शन, त्यात तीन इंच वजा करा. कापड गुंडाळलेला घ्या, दातांचा नको. या मशीनमध्ये पाती जोडताना पट्टा थोडा घसरत पकड घेतो, दातांचा पट्टा झटका देऊन पकडतो. पिठाच्या गिरणीचा साधा पट्टा हंगाम काढून देईल. मूळ पट्ट्यात अरामिड दोरा असतो, तो महाग आहे पण ताणत नाही.

डेकची पातळी शेवटी. सपाट फरशीवर, आधी हवा. मागे १० पीएसआय, पुढे १४. पंक्चरवाल्याचं मोठं गेज इतकं कमी नीट दाखवत नाही, कमी दाब दाखवणारं छोटं गेज घ्या. एका चाकात हवा कमी असली की त्याच बाजूला पातं खाली येतं, मग डेकच्या सळ्या फिरवत बसण्यात अर्थ नाही. डाव्या-उजव्या पात्यांच्या टोकांत ३ मिमीपेक्षा फरक नको. पुढचं टोक मागच्यापेक्षा ३ ते ६ मिमी खाली ठेवा, मग पात्याचं मागचं टोक कापलेलं गवत पुन्हा घासत नाही.

आपल्याकडे सराटे आणि बाभळीचे काटे आहेत, ट्यूबलेस टायर टिकत नाही. सरळ ट्यूब घाला, आतून प्रत्येक काटा हाताने चाचपून काढल्यावर.

सातपुडा_पायथा

सीटखालचा स्विच खराब असला तरी इंजिन सुरू होत नाही. त्याच्या दोन वायरी जोडून टाकल्या की काम होतं.

तापीथडी

तपासायला दोन मिनिटं जोडा आणि लगेच काढा. तो स्विच नसेल तर माणूस पडला तरी पाती फिरत राहतात, आणि मंगल कार्यालयात पोरं फिरत असतात. नवा स्विच घ्या. आणि करंट तपासताना मॅग्नेटच्या बंद करायच्या वायरला १२ व्होल्ट कधी देऊ नका. ती फक्त अर्थ होण्यासाठी आहे, बॅटरी लागली की कॉइल जळतं.

बोरीकाठ

सगळ्यांचे आभार. झालेलं सांगतो. प्लगच्या भोकातून पेट्रोल आलं नाही, नुसता वास. ऑइल काढलं, अगदी पाण्यासारखं पातळ. टॅपेट मापले तर इनटेक ०.३५, एक्झॉस्ट ०.३०. दोन्ही लावले, रॉकर दबून सुटताना दिसला. आता सेल्फ सरळ फिरतो आणि इंजिन लागतं.

दोन प्रश्न राहिले. पाती न जोडता इंजिन एकसारखं चढतं-उतरतं, वूं-वूं करतं. चोक अर्धा ओढला की स्थिर होतं. आणि तापीथडी भाऊ, डाव्या स्पिंडलमध्ये स्पेसर नाहीच. उजव्यात आहे. तो लेथवर करून घेता येईल का?

लोखंडी_पाना

चोक ओढून स्थिर होतं म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. गव्हर्नरची (वेग आपोआप बांधून ठेवणाऱ्या यंत्रणेची) स्प्रिंग ओढून वेग वाढवू नका, त्याचा यात दोष नाही, आणि तो वेग पात्यांच्या सुरक्षिततेसाठी बांधलेला आहे. कार्बोरेटर काढा.

काढण्याआधी फोटो घ्या, लिंक आणि स्प्रिंग कुठल्या भोकात आहेत ते नंतर आठवत नाही. वाटीच्या खालच्या बोल्टला वायर लागलेली असेल, तो इंधनाचा सोलेनॉइड. चावी दिल्यावर टक् आवाज यायला हवा. आवाज नाही तर जेट बंदच राहतो. वाटी उघडल्यावर तळाशी पांढरी भुकटी किंवा पाण्याचे थेंब दिसतील. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल शोषतं. चातुर्मासात उभ्या मशीनमध्ये पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं आणि ॲल्युमिनियम खातं. २००५ च्या सुमाराची ही इंजिनं १० टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलसाठी आहेत.

वूं-वूं करण्याचा दोषी बहुतेक छोटा जेट, हळू चालण्याचा. त्याचं भोक केसाएवढं असतं. वायरमधली तांब्याची एक बारीक तार घ्या, कार्बोरेटर स्प्रे मारा आणि हळूच घाला. सुई किंवा ड्रिल नको, भोक मोठं झालं की तो जेट गेला. स्प्रे मारताना दुसऱ्या टोकातून सरळ धार बाहेर येते का ते उजेडात बघा. धार आली तरच साफ झालं. डोळ्यांवर चष्मा ठेवा, स्प्रे भलत्याच भोकातून तोंडावर येतो.

मग निडल. टोकाच्या रबरावर गोल वळ पडलेला दिसला तर बदला, हीच तुमच्या ऑइलमध्ये पेट्रोल जाण्याची जागा. बसवल्यावर कार्बोरेटर उलटा धरा, पेट्रोलच्या तोंडात नळी लावून हलकी फुंक मारा. फ्लोट आपल्या वजनाने बसलेला असताना हवा जायला नको. सरळ केल्यावर गेली पाहिजे.

जोडताना पेट्रोलची जुनी नळी परत घालू नका. आतून फुगलेली आणि सुटत असलेली असते, त्याचे काळे कण पुन्हा जेटमध्ये. ६ मिमीची, ३०आर९ छापलेली इंधननळी घ्या, साधी पाण्याची चालणार नाही. फिल्टरवरचा बाण इंजिनकडे. टाकी आणि फिल्टरच्या मध्ये एक पेट्रोल कॉक टाका आणि काम संपलं की बंद करा. निडल पुढे कधी खराब झाली तरी ऑइलमध्ये पेट्रोल उतरणार नाही. महिन्याहून जास्त उभं ठेवायचं असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि टाकी रिकामी करा.

साफ केल्यावरही दहा-वीस मिनिटांनी बंद पडलं तर टाकीचं झाकण सैल करून लगेच सुरू करून पाहा. लागलं तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. लागलं नाही तर त्याच क्षणी प्लगचा करंट बघा. गरम असताना करंट नाही आणि थंड झाल्यावर आहे, तर कॉइल. कॉइल बदलताना फ्लायव्हीलच्या चुंबकापासून ०.२५ ते ०.३६ मिमी अंतर हवं. प्लगची फट ०.७६ मिमी.

तापीथडी

स्पेसर लेथवर आरामात होतो. उजव्या स्पिंडलचा काढून माप द्या, पण तोही घासलेला असू शकतो म्हणून डाव्या घराचं माप स्वतः घ्या. घरात दोन्ही बेअरिंग ज्या खांद्यांवर टेकतात, त्या दोन खांद्यांमधलं अंतर डेप्थ गेजने मापा. स्पेसर तेवढाच, किंवा ०.१ मिमी लांब. कमी कधीच नाही, कमी झाला की आहे तेच दुखणं परत.

आतलं भोक १७.२ मिमी, म्हणजे शाफ्टवर सरकेल पण डुगडुगणार नाही. बाहेरचा व्यास २२ मिमी, म्हणजे तो बेअरिंगच्या फक्त आतल्या रिंगला टेकेल, सीलला नाही. साधा एमएस चालेल. लेथवाल्याला सांगा, दोन्ही तोंडं एकाच पकडीत किंवा मँड्रेलवर घ्या, तोंड तिरकं झालं तर शाफ्ट वाकल्यासारखा फिरतो. कडांचे ओरखडे कानसीने काढा.

स्पेसर नसताना चाललेली दोन्ही बेअरिंगं परत घालू नका, फिरायला ठीक वाटली तरी. शाफ्टवर जिथे आतली रिंग बसते तिथे बोट फिरवा. खोबण लागली तर रिंग शाफ्टवर फिरत होती, शाफ्टही बदला. घर ॲल्युमिनियमचं आहे, त्यात नवं बेअरिंग हाताने सहज शिरलं तर घर सैल झालंय. पंच मारून घट्ट करू नका, नवं घर घ्या. घराचे डेकला लागणारे स्क्रू सैल झालेले असतील तर आरपार भोक घेऊन बोल्ट-नट आणि स्प्रिंग वायसर लावा.

नट पूर्ण आवळून, पट्टा घालण्याआधी स्पिंडल फिरवा. आवळण्याआधी जितका हलका फिरत होता तितकाच फिरला पाहिजे. जड झाला तर स्पेसर आखूड आहे, परत लेथवर.